वुझेनचे लोकाचार संग्रहालय कसे पाहावे: सोलापूरकर प्रवाशांसाठी

सोलापुरातून चीनला जाणाऱ्यांमध्ये यंत्रमागधारक, टॉवेलचे निर्यातदार आणि यंत्रांचे सुटे भाग शोधायला निघालेले व्यापारी बरेच असतात. त्यांचा मुक्काम बहुधा शांघायमध्ये किंवा त्याच्या आसपास पडतो, काम तीन-चार दिवसांत उरकते आणि परतीच्या विमानापूर्वी एखादा दिवस हाताशी उरतो. तो दिवस उंच इमारतींचे फोटो काढण्यात आणि बाजारात घासाघीस करण्यात घालवण्यापेक्षा, जुन्या चीनमधील साधी माणसे घरात कशी राहत, लग्ने कशी लावत आणि सण कसे पाळत हे ज्याला पाहायचे असेल, त्याने वुझेन गाठावे. ही माहिती त्या एका दिवसासाठी लिहिली आहे. मुक्कामाची सोय करून दीड दिवस काढता आला, तर अधिक चांगले.

वुझेन हे झेजियांग प्रांतातील तोंगशियांग शहराच्या हद्दीत येणारे जुने जलनगर आहे. बीजिंगपासून हांगझोऊपर्यंत खणलेला आणि २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झालेला महाकालवा या गावाच्या कडेने जातो. गावातील पाण्याचे प्रवाह फुलीसारखे एकमेकांना छेदतात आणि त्यामुळे गावाचे चार दिशांना चार भाग पडले आहेत. या भागांना तेथे ‘झा’ म्हणतात. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशी गावाची ओळख असणाऱ्या सोलापूरकराला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. प्रवाशाला कामाचे भाग दोनच आहेत. पूर्वेकडची दोंगझा पेठ २००१ साली पर्यटकांसाठी खुली झाली आणि पश्चिमेकडची शीझा पेठ २००७ साली. लोकाचार संग्रहालय दोंगझामध्ये आहे, त्यामुळे वेळ कमी असेल तर शीझाचा मोह सोडून दोंगझाच निवडावी. रात्रीची रोषणाई शीझामध्ये असते आणि बहुतेक सहली तिकडेच वळतात. त्यामुळे सकाळी लवकर पोहोचलेल्याला दोंगझाची अरुंद गल्ली थोडी मोकळी सापडते.

निघण्यापूर्वीची तयारी

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टधारकाला चीनचा व्हिसा आधीच काढावा लागतो. काही देशांच्या नागरिकांना प्रवासातील थांब्यासाठी दहा दिवस व्हिसाविना राहण्याची जी सवलत मिळते, ती भारतीयांना लागू नाही, त्यामुळे कोणाच्या ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये. व्हिसाचा अर्ज मुंबईत करता येतो आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरले की ते काम एका दिवसात होते. २०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. तरीही मुंबईहून जाताना वाटेत विमान बदलावे लागण्याची शक्यता धरूनच वेळेचा हिशेब करावा. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, हेही त्या हिशेबात असू द्यावे.

पैशाच्या बाबतीत मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बहुतेकांची अडचण येथेच होते. चीनमध्ये पाण्याच्या बाटलीपासून बसच्या तिकिटापर्यंत सर्व काही अलीपे किंवा वीचॅट या दोन ॲपांतून चालते आणि आपल्या यूपीआयवर तेथे भरवसा ठेवता येत नाही. या ॲपांना परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते, परंतु ते काम सोलापुरातून निघण्यापूर्वी करावे. आधी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत, मग कार्ड जोडून पाहावे. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो, त्यामुळे त्या सिमकार्डावर रोमिंग सुरू असणे आवश्यक आहे. गुगल आणि व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद आहेत. भारतीय सिमच्या रोमिंगवर ते बहुधा चालतात, पण हॉटेलच्या वाय-फायवर चालत नाहीत. म्हणून भाषांतराचे ॲप आणि चिनी भाषेचा संच इंटरनेटशिवाय चालेल अशा रीतीने फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा. थोडी रोकड युआनही जवळ असावी.

कधी जावे, याचे उत्तर सोलापूरच्या सुट्ट्यांशी बऱ्यापैकी जुळते. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, चांद्र नववर्षाचे दिवस आणि १ मेच्या आसपासची सुट्टी या तिन्ही वेळी सारा चीन घराबाहेर पडलेला असतो. अशा वेळी वुझेनच्या गल्लीत उभे राहायलाही जागा मिळत नाही. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत त्या भागात संततधार पाऊस असतो. आलुबुखारासारखी फळे पिकण्याच्या काळात येतो म्हणून त्याला त्या फळाचेच नाव आहे. उन्हाळा दमट असतो, आणि बेचाळीस अंशांची सवय असलेल्या सोलापूरकरालाही तो घाम नकोसा होतो, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची पडते. हवा थंड होऊ लागलेली असते, राष्ट्रीय सुट्टी संपलेली असते आणि तोंगशियांगच्या शेतांत पांढऱ्या शेवंतीच्या फुलांची तोडणी सुरू झालेली असते.

शांघायहून वुझेनपर्यंत

शांघायच्या होंगछियाओ स्थानकातून हांगझोऊकडे जाणाऱ्या वेगवान गाड्यांपैकी ज्या तोंगशियांगला थांबतात, त्यांतील एक सकाळची गाडी धरावी आणि तेथून बस किंवा टॅक्सीने वुझेनला जावे. ही वेगवान लोहमार्गिका २०१० साली सुरू झाली. रेल्वेचे तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघते, त्यामुळे मूळ पासपोर्ट जवळ बाळगणे भाग आहे. छायाप्रत किंवा फोनमधील फोटो चालेल असे समजून कोणी निघाल्यास त्याला स्थानकावरून परतावे लागेल. प्रेक्षणीय भागाच्या दारावरही पासपोर्ट मागितला जाण्याची शक्यता असते. दोंगझा आणि शीझा यांची तिकिटे वेगवेगळी आहेत, दोन्हींचे मिळून जोड तिकीटही मिळते आणि लोकाचार संग्रहालयाचा प्रवेश दोंगझाच्या तिकिटातच येतो. मुक्काम करायचा असल्यास शीझामध्ये राहण्याची सोय आहे. परदेशी प्रवाशाची चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते आणि ती नोंद हॉटेलच करते, मात्र प्रत्येक लहान खानावळवजा निवासात हे काम होतेच असे नाही. म्हणून आरक्षणाच्या वेळी परदेशी पाहुणे घेतात का, हे विचारून घ्यावे.

संग्रहालयात काय आहे आणि ते कसे वाचावे

आता मुख्य विषयाकडे येतो. लोकाचार संग्रहालयात राजांचे मुकुट, सोन्याची भांडी किंवा प्राचीन मूर्ती नसतात. एका जुन्या वाड्याच्या खोल्यांमध्ये साधारण १९ व्या शतकाच्या अखेरच्या आणि २० व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातील कपडे, पाळणे, पेट्या, पालख्या आणि देव्हारे मांडलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये मेणाचे पुतळे उभे करून प्रसंग दाखवलेले आहेत. मेणाचे पुतळे मला स्वतःला फारसे आवडत नाहीत. ते जरा जास्तच गुळगुळीत असतात आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणाऱ्यांची गर्दी मागच्या वस्तू झाकून टाकते. पहिल्या खेपेला मी त्या पुतळ्यांवर नजर फिरवत वीस मिनिटांत बाहेर पडलो होतो आणि काही पाहिल्यासारखे वाटले नव्हते. दुसऱ्या खेपेला पुतळ्यांकडे पाठ करून त्यांच्या हातातल्या, पायाखालच्या आणि भिंतीवरच्या वस्तू पाहिल्या, तेव्हा दोन तास कमी पडले. प्रत्येक वस्तूपाशी तीन प्रश्न विचारावेत: ही कोणाच्या हातची आहे, ती घरातील कोण वापरत असे, आणि वर्षातून किती वेळा ती बाहेर काढली जात असे? ज्या घरात नंदीध्वजाचा साज वर्षभर जपून ठेवतात, त्या घरातल्या माणसाला तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

दालने मुख्यतः चार विषयांची आहेत: पोशाख, वाढदिवसाचे आणि दीर्घायुष्याचे विधी, विवाह, आणि वर्षभरातील सण. मी वाचकाला सणांच्या दालनापासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन, कारण ते कळले की बाकीची उलगडतात आणि त्याची किल्ली मराठी माणसाच्या खिशात आधीपासूनच असते. चिनी पारंपरिक पंचांग आपल्यासारखेच चंद्र आणि सूर्य या दोघांनाही धरून चालते. महिना अमावास्येला सुरू होतो आणि पंधरावा दिवस म्हणजे साधारण पौर्णिमा. त्यामुळे फलकावर ‘पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस’ असे दिसले, तर ती शुद्ध पंचमी समजावी आणि ‘आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस’ दिसला, तर पौर्णिमा. आठव्या महिन्यातील ही पौर्णिमा म्हणजे त्यांचा शरद ऋतूतील चंद्राचा सण, आणि २०२५ साली तो आपल्या कोजागरीच्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला आला होता. अधिक महिन्याचा नियमही सारखाच आहे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, तो अधिक मास होतो. त्यांच्याकडे सौरवर्षाचे चोवीस टप्पे केलेले आहेत आणि त्यांतील एकाआड एक असे बारा मुख्य टप्पे ज्या महिन्यात पडत नाहीत, तो महिना जादा धरतात. या चोवीस टप्प्यांच्या परंपरेला युनेस्कोने २०१६ साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या टप्प्यांपैकी ‘लिशिया’ म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. ती ५ मेच्या आसपास येते. त्या दिवशी लहान मुलांना टोपलीत बसवून मोठ्या काट्याला टांगून त्यांचे वजन करण्याची रीत या भागात होती. उन्हाळ्यात अन्नावरची वासना उडते आणि मूल वाळते, म्हणून आधीचे वजन माहीत असावे, असा त्यामागचा साधा हिशेब आहे. आपल्याकडे नवस फेडताना मुलाची गुळाने तुला करतात. दोन्हींत काटा आणि मूल तेच आहे, पण एका ठिकाणी देवाचे देणे मोजले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी बाळाची तब्येत. असे साम्य दिसल्यावर लगेच ‘हे आपल्यासारखेच आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. फरक कोठे सुरू होतो तेथे थांबावे.

चुलीच्या देवाचे चित्र किंवा देव्हारा दिसल्यास तेथेही जरा रेंगाळावे. हा देव वर्षभर चुलीच्या वर बसून घरातील सर्वांचे वागणे पाहतो आणि वर्षअखेरीस स्वर्गात जाऊन त्याचा अहवाल देतो, अशी समजूत आहे. दक्षिणेकडे बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, उत्तरेकडे तेविसाव्या दिवशी त्याला निरोप देतात आणि निघण्यापूर्वी चिकट, गोड पदार्थ खाऊ घालतात, म्हणजे तो वर जाऊन गोड बोलेल किंवा निदान त्याचे दात चिकटून राहतील. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करणाऱ्या आपल्या माणसांना यातला मिस्कीलपणा लगेच कळेल. आपण शेजाऱ्याला गोड बोलायला लावतो, ते तपासनीसाला.

विवाहाच्या दालनात लाल रंगाचा भडिमार असतो आणि प्रथमदर्शनी सारे सारखेच दिसते. येथे उच्चाराचे खेळ माहीत असले पाहिजेत. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द आहेत आणि शुभचिन्हे बहुतांशी त्या साम्यावर उभी आहेत. वटवाघळाला ‘फू’ म्हणतात आणि सौभाग्यालाही ‘फू’, म्हणून पलंगावर, पेटीवर, खिडकीच्या जाळीत वटवाघळे कोरलेली असतात. आपल्या दृष्टीने अशुभ ठरणारा हा प्राणी तेथे पाचांच्या जथ्याने आला, तर पाच प्रकारचे सुख घेऊन येतो. मासा म्हणजे ‘यू’, आणि शिल्लक उरणे यालाही ‘यू’ म्हणतात. फुलदाणी आणि शांती या दोन्हींचा उच्चार ‘पिंग’ आहे. नवदांपत्याच्या बिछान्यावर लाल खारकेसारखे बोर, शेंगा, लाँगन नावाचे फळ आणि कमळाच्या बिया टाकतात. या चौघांच्या नावांतील अक्षरे जोडली की ‘लवकर थोर पुत्र होवो’ असा अर्थ ऐकू येतो. यात भुईमुगाची शेंग आहे याकडे लक्ष द्यावे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तो चीनमध्ये आणि आपल्याकडे सोळाव्या शतकापूर्वी पोहोचणे शक्य नव्हते. म्हणजे अतिप्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या विधीचे आजचे रूप तरी काही शतकांपलीकडे जात नाही. शेंगाचटणीच्या गावचा माणूस हा विचार करू शकतो, आणि आपल्या किती ‘सनातन’ रीतींमध्ये मिरची व बटाटा येऊन बसले आहेत हेही त्याला तेथेच आठवेल.

पोशाखाच्या दालनात शिवण आणि विणकाम पाहावे, तसेच पायांकडेही पाहावे. मुलींचे पाय लहानपणीच कापडाने करकचून बांधून ते वाढू न देण्याची प्रथा काही शतके चालली आणि नव्या प्रजासत्ताकाने १९१२ साली तिच्यावर बंदी घातली. आदर्श पावलाला ‘तीन इंची सोनेरी कमळ’ म्हणत, आणि चिनी इंच ध्यानात घेता ती लांबी अवघी दहा सेंटिमीटर भरते. या विषयाचे वेगळे दालन शीझामध्ये आहे. बरोबर मुले असतील, तर त्यांना आत नेण्यापूर्वी दोन वाक्यांत कल्पना द्यावी, कारण रेशमी, भरतकाम केलेले ते इवलेसे जोडे बाहुलीचे आहेत असे वाटून मुले हसतात आणि शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध चिनी बाईची आजी त्या जोड्यांत चाललेली असू शकते.

फलक वाचण्याबद्दल एक सूचना. वस्तूंखालचा इंग्रजी मजकूर फारच त्रोटक असतो आणि चिनी मजकुरात बरेच अधिक लिहिलेले असते. म्हणून फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून पाहावे. मात्र दारांवरच्या जुन्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि त्यांची अक्षरे जुन्या, गुंतागुंतीच्या वळणाची असतात, त्यामुळे ॲप तेथे हमखास गोंधळते. फ्लॅश वापरू नये. रेशमाचा धागा आणि वनस्पतींचे रंग प्रकाशाने विटतात, हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागू नये.

रंगशाळा आणि पलंग

संग्रहालय पाहून झाल्यावर दोंगझामधीलच होंगयुआनताय नावाच्या रंगशाळेत जावे. खरे तर काही सोलापूरकरांना आधी येथेच आणले पाहिजे. अंगणात उंच बांबूंच्या मांडवांवरून निळ्या कापडाचे लांबच लांब पट्टे लोंबत असतात आणि बहुतेक लोक त्यांच्या मधे उभे राहून फोटो काढतात. पाहण्यासारखी गोष्ट बाजूच्या कामात आहे. तेलाने टणक केलेल्या कागदात नक्षी कापून तो साचा कापडावर ठेवतात आणि त्यातून सोयाबीनचे पीठ व चुना यांची लापशी कापडावर खरडतात. ती वाळली की कापड निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवतात, आणि शेवटी वाळलेली लापशी खरवडून काढली की तिच्याखाली पांढरी नक्षी राहते. राजस्थानातील दाबू छपाईत चिखल जे काम करतो, तेच येथे सोयाबीन करते.

नीळ पाण्यात विरघळत नाही. पिंपातल्या अल्कधर्मी, प्राणवायू नसलेल्या द्रावणात तिचे रासायनिक रूप बदलले, तरच ती विरघळून धाग्यात शिरते, आणि म्हणून पिंपातून वर आलेले कापड आधी पिवळट हिरवे दिसते व हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. प्रात्यक्षिक चालू असेल, तर हा क्षण चुकवू नये. आपल्याकडची निळीची वनस्पती आणि त्या भागात वापरल्या जाणाऱ्या वनस्पती वेगळ्या कुळांतील आहेत, पण रंगद्रव्य एकच आहे.

विणकामात रस असलेल्यांनी वेळ काढून शीझामधील यीदा या जुन्या रेशीम पेढीच्या दालनातही जावे. कोशांपासून धागा काढण्याचे आणि विणण्याचे काम तेथे मांडलेले आहे. चीनच्या नक्षीच्या जुन्या हातमागाची रचना समजून घेण्यासारखी आहे. एक जण खाली बसून विणतो आणि दुसरा मागाच्या वर चढून बसतो व नक्षीप्रमाणे दोऱ्यांचे झुबके ओढून ताण्याचे ठरावीक धागे उचलतो. वरच्या त्या माणसाचे काम १८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले, आणि त्या जॅकार्डवर सोलापुरी चादरीवरची फुले आणि मोर आले. चिनी रेशीमनिर्मितीची परंपरा २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. वुझेनच्या आसपासच्या गावांत रेशीमकिडे वाढवण्याच्या दिवसांत घराची दारे पाहुण्यांना बंद असत आणि काही शब्द उच्चारायचीही मनाई असे. याच वुझेनमध्ये १८९६ साली जन्मलेले लेखक माओ दुन यांनी रेशीम पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची होरपळ लिहिली. त्यांचे घर दोंगझामध्येच आहे.

दोंगझामध्येच पलंगांचे एक संग्रहालय आहे, ते मात्र उभ्या उभ्या पाहून चालते. अपवाद एका पलंगाचा, ज्याला ‘हजार दिवसांच्या कामाचा’ म्हणतात. छत, कठडे, पायरी आणि चौकटी धरून तो पलंग म्हणजे खोलीतली खोली आहे. त्यावरची वटवाघळे आणि मासे मोजण्याचा खेळ मुलांना द्यावा. छायाबाहुल्यांचा खेळ चालू असल्यास तोही पाहावा. भाषा कळत नसली, तरी पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला पडद्यामागचे हात ओळखीचे वाटतात.

खाणे, बोलणे आणि कोटणीस

शाकाहारी माणसाने ‘मी मांस, मासे, अंडी आणि चरबी खात नाही’ हे वाक्य चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवावे. ‘वो छ्र सू’ हे तीन शब्द त्याचे सार आहेत, पण उच्चाराचे चढउतार चुकले तर समोरचा नुसता हसतो. गल्लीत मिळणारी नणंद-भावजयीच्या नावाची खुसखुशीत वडी तिळाची दिसते, परंतु तिच्यात डुकराची चरबी असते. तीन पांढऱ्या वस्तूंच्या, म्हणजे तांदूळ, गहू आणि पाणी यांच्या नावाने ओळखली जाणारी दारू चवीला देतात. ती तीव्र असते. निश्चिंतपणे घेण्यासारखा पदार्थ म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्या शेवंतीचा काढा. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी, त्यावर दोन दिवस सहज निघतात. ताजी फळे, मांस आणि दुधाचे पदार्थ, तूपही, चीनच्या सीमाशुल्क तपासणीत चालत नाहीत. त्यामुळे आईने दिलेले पेढे मुंबईतच संपवावेत.

कोठून आलात असे कोणी विचारले, तर नुसते ‘भारत’ म्हणून थांबू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चिनी नाव ‘के दीहुआ’ आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारला. वयस्कर चिनी माणसांना हे नाव माहीत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि आपण त्याच गावचे आहोत हे कळल्यावर संभाषणाचा सूर बदलतो. भैय्या चौकातील त्यांचे स्मारक पाहून त्याचे दोन फोटो फोनमध्ये ठेवावेत, दाखवायला उपयोगी पडतात. मात्र त्यांच्या समाधीचे दर्शन वुझेनच्या सहलीत बसवता येणार नाही. ती उत्तरेकडे शिजियाझुआंग शहरात आहे. ज्याला समाधीलाच जायचे असेल, त्याने बीजिंगहून रेल्वेने शिजियाझुआंगला जावे आणि तेथून पश्चिमेकडे थायुआनमार्गे पिंगयाओ हे तटबंदीचे जुने गाव गाठावे. १९९७ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या गावाजवळ चीशियान तालुक्यात छियाओ या व्यापारी घराण्याचा प्रचंड वाडा आहे, आणि १९८६ पासून तो लोकाचार संग्रहालय म्हणून खुला आहे. वुझेनमध्ये पाणी आणि लाकूड आहे, तर तेथे वीट, धूळ आणि लांबलचक चौक. सोलापूरच्या भुईकोटात खेळलेल्या माणसाला तो अधिक जवळचा वाटेल, पण कापड पाहायचे असेल तर वुझेनला पर्याय नाही.

परतताना रंगशाळेतून निळे कापड घ्यावेसे वाटेल. घेण्यापूर्वी ते उलटून पाहावे. पिंपात रंगवलेले कापड मागच्या बाजूनेही निळे असते, यंत्रावर वरवर छापलेले मागून फिके दिसते. नक्षीच्या पांढऱ्या भागात निळ्या भेगा असतील, तर लापशी वाळून तडकली होती असे समजावे आणि तो दोष न मानता तेच कापड निवडावे. दुकानदार पांढऱ्याशुभ्र नक्षीचे पुढे करेल, पण भेगांचे मागावे. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा ते थंड पाण्यात वेगळे धुवावे, सावलीत वाळवावे आणि तोपर्यंत पांढऱ्या चादरीवर पसरू नये.